खाटेपाशी शिकायची गोष्ट

फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचे 'नोट्स ऑन नर्सिंग' १८५९ साली निघाले. खिडक्या उघड्या ठेवा, गटारे वाहती ठेवा, आजाऱ्याच्या खोलीत कुजबुजू नका, अशा रोखठोक सूचनांचे पुस्तक म्हणून ते ओळखले जाते. त्यात एक अख्खे प्रकरण आजाऱ्याला उगाच धीर देणाऱ्यांवर आहे. भेटायला आलेली मंडळी दुखणे हलके करून सांगतात, 'काही होत नाही हो' म्हणतात, न मागितलेले सल्ले देतात आणि निघून जातात. आजारी माणूस मात्र आधीपेक्षा एकटा पडतो, कारण आता आपली भीती बोलून दाखवायचीही सोय राहिलेली नसते. बाईंनी या लोकांची चांगलीच हजेरी घेतली आहे. दर वर्षी १२ मे रोजी आपल्याकडच्या नर्सिंग कॉलेजांत दिवे लागतात, शपथ होते, हातात दिवा घेतलेल्या बाईंच्या तसबिरीला हार पडतो. हे प्रकरण मात्र क्वचितच कुणी उघडते.

नर्सिंग आणि मिडवाइफरी शिकणाऱ्या मुलामुलींच्या भावनिक बुद्धिमत्तेवरच्या या पुस्तकाची प्रस्तावना तिथून सुरू केली, त्याला कारण आहे. हा विषय निघाला की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे हसतमुख, गोड बोलणारी, कधीही न चिडणारी सिस्टर उभी राहते. गोड बोलणे हा यातला सर्वांत सोपा भाग आहे आणि कधी कधी सर्वांत निरुपयोगीही.

पीटर सॅलोव्हे आणि जॉन मेयर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी भावनिक बुद्धिमत्तेची कल्पना १९९० मध्ये शास्त्रीय लेखात मांडली. पुढे १९९७ मध्ये त्यांनी तिची चार अंगे सांगितली. आपल्या आणि समोरच्याच्या मनात काय चालले आहे ते ओळखणे, त्या भावनेचा विचार करताना उपयोग करून घेणे, ती कुठून आली आणि कुठे जाईल हे समजणे, आणि ती सांभाळणे. दरम्यान १९९५ मध्ये डॅनियल गोलमन यांच्या पुस्तकाने ती जगभर पोचवली आणि कंपन्यांच्या ट्रेनिंगवाल्यांनी ती उचलली. मग तिचे जे व्हायचे ते झाले. आज यशस्वी होण्याच्या प्रत्येक नुस्ख्यात ती सापडते. मूळ मांडणी मात्र साधी आणि कामाची आहे, आणि वॉर्डात उभे राहून पाहिली तर तिची पहिलीच पायरी किती उंच आहे ते कळते.

आपल्याकडचा पेशंट 'मला भीती वाटते' असे सहसा म्हणत नाही. तो म्हणतो, कसंतरी होतंय. जीव घाबरा होतोय. पोटात कालवाकालव होतेय. ऑपरेशनच्या आदल्या रात्री एखादे आजोबा तिसऱ्यांदा बेल वाजवतात. एकदा पंखा कमी करायला, एकदा उशी सरकवायला, एकदा 'सिस्टर, वाजले किती?' एवढेच विचारायला. नाईटला असलेली दुसऱ्या वर्षाची मुलगी बीपी घेते, नाडी मोजते, चार्टवर लिहिते. हे तिने केलेच पाहिजे, कारण धडधडण्यामागे खरोखर हृदयाचे दुखणे असू शकते. प्रश्न पुढचा आहे. आकडे नॉर्मल आले की बहुतेक विद्यार्थिनी सुटकेचा श्वास टाकून 'सगळं नॉर्मल आहे आजोबा, झोपा आता' म्हणतात आणि टेबलाकडे परततात. एखादी तिथेच दोन मिनिटे थांबते आणि विचारते, 'उद्याचं काही डोक्यात येतंय का?' मग कळते की आजोबांचा थोरला भाऊ अशाच ऑपरेशनच्या टेबलावरून परत आला नव्हता, आणि ही गोष्ट त्यांनी ना डॉक्टरांना सांगितली आहे ना मुलाला. आता ती मुलगी भूलतज्ज्ञांच्या कानावर हे घालू शकते, सकाळी पाळी बदलताना द्यायच्या ओव्हरमध्ये सांगू शकते. विचारण्याचे काम दोन मिनिटांचे. विचारायचे सुचणे, आणि उत्तर ऐकून स्वतः न गडबडणे, हे शिकायला वर्षे लागतात.

लेबर रूममध्ये हाच प्रश्न दसपट तीव्र होतो. २००५ मध्ये जननी सुरक्षा योजना आली. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाप्रमाणे २००५-०६ मध्ये देशातल्या ३८.७ टक्के प्रसूती दवाखान्यांत होत होत्या. २०१९-२१ पर्यंत हे प्रमाण ८८.६ टक्क्यांवर गेले. हा बदल फार मोठा आहे आणि त्याने पुष्कळ जीव वाचवले. पण घरातली बाळंतपणे दवाखान्यात आली तेव्हा आई, मावशी, सुईण या ओळखीच्या बायका दाराबाहेर राहिल्या, आणि कळा देणारी बाई अनोळखी माणसांत, पाय टांगलेल्या अवस्थेत, एकटी पडली. तिथे तिला काय ऐकावे लागते हे लेबर रूममध्ये पोस्टिंग केलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. 'ओरडू नको'पासून सुरुवात होते आणि 'तेव्हा कळलं नव्हतं का?' इथवर गाडी जाते. ही वाक्ये कुठल्याच पुस्तकात नसतात, तरी गडचिरोलीपासून मुंबईपर्यंत ती जवळजवळ शब्दशः सारखी ऐकू येतात. म्हणजे ती शिकवली जातात. कोण शिकवते, त्याकडे येऊच.

केंद्र सरकारने डिसेंबर २०१७ मध्ये 'लक्ष्य' हा लेबर रूमच्या गुणवत्तेचा कार्यक्रम सुरू केला, त्यात बाळंतिणीला सन्मानाने वागवणे आणि तिच्यासोबत तिच्या माणसाला राहू देणे या गोष्टी आल्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या शिफारशींतही त्या आहेत. हे नुसते सौजन्य नाही. प्रसूतीच्या वेळी बाईजवळ सतत कुणी तरी आधाराला असण्याचा परिणाम तपासणारा कॉक्रेन आढावा २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात १५ हजारांहून अधिक स्त्रियांवरच्या चाचण्या धरल्या होत्या. आधार असलेल्या स्त्रियांची प्रसूती नैसर्गिक होण्याचे प्रमाण जास्त आणि सिझेरियनचे कमी दिसले, कळांचा काळही थोडा आटोपशीर झाला. भीतीने अॅड्रेनलिन चढले की कळा मंदावू शकतात हे मिडवाइफरीच्या पहिल्याच वर्गात सांगितले जाते. त्यामुळे घाबरलेल्या पहिलटकरणीच्या डोक्याशी उभे राहून तिच्याबरोबर श्वास घेणारी विद्यार्थिनी काहीच करत नाही असे ज्या इन्चार्ज सिस्टरना वाटते, त्यांनी आपलाच अभ्यासक्रम पुन्हा चाळावा.

अडचण अशी, की विद्यार्थिनीला केसबुकही पुरे करायचे असते. ठरलेल्या संख्येने प्रसूती पाहायच्या, करायच्या, त्यावर सह्या घ्यायच्या. 'मला अजून केस मिळाली नाही' हे वाक्य हॉस्टेलच्या जिन्यावर रोज ऐकू येते. कळा देणाऱ्या बाईसाठी जे तिचे पहिले बाळ, ती या मुलीसाठी केस नंबर नऊ. एकाच बाईची आतून तपासणी शिकण्यासाठी म्हणून एकामागून एक दोघी-तिघी करतात तेव्हा त्यांच्यापैकी कुणीही दुष्ट नसते. प्रत्येकीला परीक्षेला बसायचे असते. अशा वेळी आपले नाव सांगणे, परवानगी मागणे, आलेली कळ ओसरेपर्यंत हात मागे ठेवणे, आणि बाईने मान फिरवली तर 'राहू द्या' म्हणून बाजूला होणे, यात स्वतःची एक केस हातची जाते. इथे भावनिक बुद्धिमत्तेची किंमत रोख मोजावी लागते, म्हणून मला हे उदाहरण कुठल्याही व्याख्येपेक्षा चांगले वाटते.

आणखी एक शिरस्ता अनेक लेबर रूममध्ये पाळतात. मुलगी झाली, आणि घरच्यांना मुलगा हवा होता असे वाटत असेल, तर वार पडेपर्यंत बाईला सांगायचे नाही. धक्का बसला तर गर्भाशय नीट आवळणार नाही, रक्तस्राव होईल, अशी त्यामागची समजूत. समजूत किती खरी हा वेगळा मुद्दा आहे. पण पाहा, आपल्याच व्यवस्थेने नकळत मान्य केले आहे की बाईच्या मनात जे होते ते तिच्या शरीरात उतरते. आणि गंमत म्हणजे हे मान्य केल्यावर उपाय काय, तर लपवणे. त्या दहा-पंधरा मिनिटांत बाळ गुंडाळून उभ्या असलेल्या विद्यार्थिनीला आई विचारते, 'काय झालं?' ती म्हणते, 'बाळ छान आहे.' आईला उत्तर कळलेले असते. त्यानंतर बाहेर जाऊन सासूबाईंना सांगायचे असते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे उमटेल ते पाहून परत आत यायचे असते. हे करणारी मुलगी एकोणीस-वीस वर्षांची आहे, आणि बहुधा स्वतःही कुणाच्या तरी घरात दुसरी किंवा तिसरी मुलगी म्हणून जन्मलेली आहे. तिच्या मनात त्या क्षणी काय होते हे तिला कुणी विचारल्याचे मी तरी पाहिलेले नाही.

मृत बाळ जन्मते तेव्हाचे तर विचारूच नका. जागा नसते म्हणून त्या आईला इतर बाळंतिणींच्याच वॉर्डात ठेवतात. शेजारच्या खाटेवरचे बाळ रडले की तिला पान्हा फुटतो. 'रडू नको, तू तरुण आहेस, पुढच्या वर्षी होईल' हे वाक्य डॉक्टरांपासून आया मावशींपर्यंत सगळे म्हणतात, आणि विद्यार्थिनीही तेच उचलते. नाइटिंगेलबाईंचे प्रकरण इथे उघडावे. त्या आईला पुढच्या वर्षीचे बाळ नको असते, हे हवे असते. तिला ते बघायचे आहे का, हातात घ्यायचे आहे का, एवढे विचारले तरी पुरे. काही बायका हो म्हणतील, काही तोंड फिरवतील, दोन्ही ठीक. विचारणारीला मात्र त्यानंतर जे समोर येईल ते सहन करता आले पाहिजे, आणि ते ती एकटीने करू शकत नाही.

इथे मला १९६० साली प्रसिद्ध झालेल्या एका जुन्या अभ्यासाकडे जायचे आहे, कारण या विषयावर त्याहून धारदार काही माझ्या वाचनात नाही. इझाबेल मेन्झिस या मनोविश्लेषक बाईंना लंडनच्या एका मोठ्या शिक्षण रुग्णालयाने बोलावले होते. तिथल्या जवळपास एक तृतीयांश विद्यार्थी नर्सेस शिक्षण अर्धवट सोडून जात होत्या. मेन्झिस यांना दिसले ते असे, की वेदना, मृत्यू, नग्न शरीरे, नातेवाइकांचा राग या सगळ्यातून उठणारी चिंता नर्सेसना जाणवूच नये अशी तजवीज रुग्णालयाने आपल्या कामाच्या पद्धतीतच करून ठेवली होती. एका रुग्णाची सगळी सेवा एकीने करायची नाही. एकीने सगळ्यांचे तापमान घ्यायचे, दुसरीने सगळ्यांची अंथरुणे. रुग्णाला नावाने न ओळखता खाटेच्या नंबराने आणि आजाराने ओळखायचे. विद्यार्थिनी एका वॉर्डात रुळली की तिला दुसरीकडे हलवायचे. छोट्या निर्णयासाठीही वरच्याकडे जायचे. या भिंतींनी चिंता कमी झाली नाही, उलट कामातला आनंद तेवढा गेला. आणि ज्या मुली सोडून गेल्या त्यांत पुष्कळ जणी अधिक समंजस, अधिक जाणत्या होत्या, हा त्यातला सर्वांत बोचरा निष्कर्ष.

'सात नंबरचा हर्निया', 'बाराचं ड्रेसिंग झालं का?' ही आपली रोजची भाषा आहे. लंडनचे ते रुग्णालय आणि आपले जिल्हा रुग्णालय यांत समुद्राएवढे अंतर असूनही मेन्झिस वाचताना आपल्याच वॉर्डाची फेरी मारल्यासारखे वाटते.

आता ती वाक्ये कोण शिकवते या प्रश्नाकडे. पहिल्या वर्षाची मुलगी वॉर्डात आल्यावर तिच्याशी जे बोलले जाते ते तिचे खरे शिक्षण असते. पेशंटसमोर तिला 'अक्कल आहे का?' असे विचारले, हातातला ट्रे हिसकावून घेतला, पहिला मृत्यू पाहून ती बाथरूममध्ये रडत होती तेव्हा 'एवढी नाजूक होतीस तर या लाइनला कशाला आलीस?' असे म्हटले, तर तिसऱ्या वर्षापर्यंत ती पक्की होते. तशी पक्की झालेली मुलगी लेबर रूममध्ये काय बोलेल ते वेगळे सांगायला नको. दुपारी वर्गात सहानुभूतीवर तास घेणाऱ्या ट्यूटरना सकाळच्या वॉर्डाने कधीच हरवलेले असते. भावनिक बुद्धिमत्ता हा विद्यार्थिनीच्या अंगचा गुण आहे की नाही यावर वाद घाला; ती वॉर्डातल्या वातावरणाची निपज आहे याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

म्हणूनच या विषयावरच्या बहुतेक संशोधनाबद्दल माझी तक्रार आहे. एम.एस्सी. नर्सिंगच्या प्रबंधांसाठी हा लाडका विषय आहे. एखादी तयार प्रश्नावली घ्यायची (शुटे आणि सहकाऱ्यांची १९९८ ची तेहेतीस विधानांची फार चालते), आपल्याच कॉलेजच्या मुलींकडून भरून घ्यायची, 'उत्तम', 'मध्यम', 'कमी' असे तीन गट पाडायचे, आणि शेवटी कार्यशाळेची शिफारस करायची. 'मला इतरांच्या भावना ओळखता येतात' या विधानापुढे खूण करणारी मुलगी खरोखर ओळखते का, हे तिच्या खूण करण्यावरून कसे कळावे? ज्याला ओळखता येत नाही त्याला आपल्याला ओळखता येत नाही हेही बहुधा कळत नाही. त्यातून प्रश्नावली वाटणारी व्यक्ती प्रॅक्टिकलचे गुणही देणारी असेल तर उत्तरे गोडच येणार. प्रश्नावल्या टाकाऊ आहेत असे मी म्हणत नाही. मोठ्या गटांची तुलना करायला त्या उपयोगी पडतात. पण त्या आजोबांनी चौथ्यांदा बेल वाजवली तर ती मुलगी खाटेपाशी जाईल की मान वर न करता 'आले, आले' म्हणेल, हे त्यांतून कळत नाही. ते पाहायचे तर कुणी तरी नाईटला तिच्यासोबत असावे लागते.

दुसरी सावधगिरी. इंडियन नर्सिंग कौन्सिलचा जुना निकष शिक्षण रुग्णालयाच्या सामान्य वॉर्डात तीन रुग्णांमागे एक नर्स आणि इतरत्र पाचामागे एक असा आहे. प्रत्यक्षात रात्री एक स्टाफ सिस्टर आणि दोन विद्यार्थिनींवर पन्नास खाटांचा वॉर्ड सोडलेला कुणी पाहिला नाही? अशा ठिकाणी मनुष्यबळ न देता 'ताण कसा हाताळावा' यावर व्याख्यान ठेवणे म्हणजे शुद्ध चलाखी आहे. समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉकशिल्ड यांनी १९८३ च्या पुस्तकात विमानातल्या हवाईसुंदरींच्या हसण्याचा अभ्यास करून दाखवले की भावना आवरणे, दाखवणे हेही श्रमच आहेत आणि त्यांचाही थकवा येतो. पुढे ब्रिटनमध्ये पॅम स्मिथ यांनी हाच विचार विद्यार्थी नर्सेसना लावून पाहिला. श्रम म्हटले की त्याला माणसे लागतात, वेळ लागतो, विश्रांती लागते.

मग हे जमलेच नाही का कधी? जमले आहे, आणि आपल्याच मुंबईत. केईएम रुग्णालयातल्या परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर नोव्हेंबर १९७३ मध्ये हल्ला झाला. तेव्हापासून मे २०१५ मध्ये त्यांचे निधन होईपर्यंत, बेचाळीस वर्षे, तिथल्या परिचारिकांच्या पिढ्यांनी त्यांना सांभाळले. बोलू न शकणाऱ्या बाईला काय रुचते, कशाने ती अस्वस्थ होते, हे चेहऱ्यावरून आणि आवाजावरून ओळखायचे, आणि पुढच्या पाळीला सांगायचे. दयामरणाचा प्रश्न २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे आला तेव्हा तिच्या वतीने बोलण्याचा अधिकार न्यायालयाने केईएमच्या कर्मचाऱ्यांचा मानला. त्या निकालाबद्दल मतभेद असतील, माझेही काही आहेत. पण 'ओळखणे' हे कौशल्य एका वॉर्डाने चार दशके पुढच्या हाती सोपवत नेले, हे विसरता येत नाही. ते व्यक्तींच्या गुणांवर चालले नाही. ज्या पहिल्या होत्या त्या केव्हाच निवृत्त झाल्या होत्या. ते ओव्हर देण्याघेण्यावर चालले.

मला वाटते उपायही तिथेच कुठे तरी आहे. २०२१ मध्ये बी.एस्सी. नर्सिंगचा अभ्यासक्रम बदलून सेमिस्टर पद्धतीचा झाला, मिडवाइफरीतही सन्मानपूर्वक सेवेवर भर आला. कागदावर पुष्कळ चांगले आहे. पण ज्या दिवशी वॉर्डात मृत्यू झाला, किंवा लेबर रूममध्ये बाळ गेले, त्या दिवशी पाळी संपल्यावर दहा मिनिटे तिथल्या विद्यार्थिनींना घेऊन बसायचे आणि 'काय झालं, कसं वाटलं, काय वेगळं करता आलं असतं?' एवढे विचारायचे, हे कुठल्या वेळापत्रकात बसते? अमेरिकेत बॉस्टनमध्ये केनेथ श्वार्ट्झ नावाचे वकील फुप्फुसाच्या कर्करोगाने १९९५ मध्ये गेले. आपल्याशी घाईत असूनही माणसासारखे बोललेल्या नर्सेस आणि डॉक्टरांबद्दल त्यांनी जाण्यापूर्वी लिहिले, आणि त्यांच्या नावाने उभ्या राहिलेल्या संस्थेने रुग्णालयातल्या सगळ्यांनी एकत्र बसून कामातल्या भावनांबद्दल बोलायच्या बैठका सुरू केल्या. त्या आता कितीतरी रुग्णालयांत चालतात. आपल्याला त्यांचे नाव आणि स्वरूप जसेच्या तसे उचलायची गरज नाही. चहाची वेळ आहे, ड्युटी रूम आहे, एखादी इन्चार्ज सिस्टर मनावर घेणारी असते. तिला फक्त मेट्रनने 'वेळ फुकट घालवू नका' असे म्हणू नये.

पुढच्या प्रकरणांतल्या सगळ्याच मतांशी मी सहमत नाही. प्रॅक्टिकलच्या शंभर गुणांत भावनिक बुद्धिमत्तेला वेगळे गुण ठेवावेत असा या पुस्तकात आग्रह आहे. मला तो धोक्याचा वाटतो. गुण ठेवले की मुली परीक्षक समोर असताना पेशंटचा हात हातात घेतील आणि परीक्षक वळले की सोडतील. आम्ही सगळ्यांनी व्हायव्हाला ते केलेले आहे. गुण द्यायचेच तर वॉर्डाला द्यावेत, विद्यार्थिनींनी, नाव न लिहिता, पोस्टिंग संपल्यावर. लेखकांना ही सूचना पटली नाही. प्रस्तावनेत ती छापायला मात्र त्यांनी हरकत घेतली नाही.